गंधार चढवताना

आमच्या घरात जेवायला बसण्याआधी पेटी झाकायची, असा नियम होता. अन्नाचा हात लागून पट्ट्या खराब होतील म्हणून नव्हे. उघडी पेटी समोर असली की अब्बा जेवता जेवता एखादी पट्टी दाबून बघत, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, घास हातातच राही, सालन गार होई आणि अम्मीचा पारा चढे. म्हणून दस्तरखान अंथरण्याआधी अम्मी आपली जुनी ओढणी घेऊन यायची आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला निजवावं तशी प्रत्येक पेटीवर टाकायची. दिवाळीच्या सुमाराला तिच्या ओढण्या कमी पडत, इतक्या पेट्या आमच्याकडे येत. धान घरात आलं की झाडीपट्टीतल्या गावागावात नाटकं उभी राहतात आणि तोवर वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या पेटीची गावाला आठवण होते. चामोर्शीकडून, मूलकडून, कुठून कुठून माणसं भद्रावतीच्या स्टँडवर उतरत आणि पेटी घोंगड्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन आमची गल्ली शोधत येत. एकदा एका भात्यात उंदरानं धानाच्या तणसाचं घरटं केलेलं निघालं, आत चार गुलाबी पिल्लं. पेटीवाला म्हणाला, "तरीच म्हटलं, ह्या वर्षी पेटी काऊन दमून राह्यली."

आमचं घर तळ्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं. पुढची खोली अब्बांची, म्हणजे लाखेचा, पितळेचा आणि जुन्या कातड्याचा वास. मागची अम्मीची, म्हणजे कांद्याचा आणि चुलीच्या धुराचा. मी दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर वाढले म्हणायला हरकत नाही. दिवसभर फॅक्टरीचा भोंगा वेळ सांगायचा. तो अब्बांच्या षड्जापेक्षा जरासा वरचा होता आणि अब्बा रोज त्याच्यावर तेवढ्याच मनापासून चिडायचे. एवढी मोठी फॅक्टरी, सूर लावायला एक माणूस ठेवता येत नाही, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

पेटीच्या आत सूर असतात. सूर म्हणजे पितळेची छोटी पट्टी, तिच्यात एक जीभ, वारा लागला की ती थरथरते. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. सगळी विद्या एवढीच, पण घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हात हलका लागतो. अब्बांच्या मेजाखाली पायानं चालणारा भाता होता. सुरांची फळी पेटीतून काढून त्या मेजावर बसवायची, भाता दाबायचा आणि एकेका जिभेखाली पातळ पत्रा सरकवून ती घासायची. दोन सूर अगदी जवळ आले, पण एक झाले नाहीत, की त्यांच्यातून एक हेलकावा निघतो. वंव, वंव, वंव. जितके जवळ येतील तितका हेलकावा संथ होत जातो. मग तो इतका लांब होतो की आता आला की मगाशी येऊन गेला ते कळेनासं होतं, आणि मग तो थांबतो. उन्हाळ्याच्या दुपारी मी त्या मेजाखाली गार फरशीला गाल लावून पडलेली असे आणि ते हेलकावे लांबत लांबत कधी थांबायचे ते मला कधीच कळलं नाही, कारण त्याआधीच मला झोप लागलेली असे. माझ्या बालपणाचा निम्मा भाग असा दोन सुरांच्या मध्ये गेला आहे. आजही मला झोपेच्या गोळीपेक्षा किंचित बिघडलेली पेटी जास्त लागू पडते.

त्या हेलकाव्यांचं मूळ अब्बांनी मला सांगितलं तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. त्यांनी षड्जापासून पंचम लावला, अगदी शुद्ध, एक हेलकावा न ठेवता. मग त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम, मग त्याचा पंचम. असं बारा घरं फिरून आपण पुन्हा षड्जाच्या दारात येतो. "आता वाजव," ते म्हणाले. मी वाजवला, तर तो षड्ज निघालेल्या षड्जाला जुळेना. थोडासा वर, नखभर.

"चुकलं का अब्बा?"

"चुकलं नाई. सारे सूर बरोबर हायेत. पन बारा घरं फिरून आलं का संगं एक पाहुना येतेच. ह्या पाहुन्याले आता जागा द्या लागते."

पाहुण्याला जागा देण्याचे दोन मार्ग, असं अब्बा सांगायचे. एक तर त्याला एकाच खोलीत टाकायचं, म्हणजे ती खोली कायमची गेली, पण बाकी घर आरामात. नाही तर घरातल्या सगळ्यांनी आपापले पाय थोडे आखडून घ्यायचे. मग कोणालाच पाय पसरता येत नाहीत, पण कोणी बाहेरही जात नाही. दुकानातून येणाऱ्या नव्या बाज्यांमध्ये सगळ्यांनी पाय आखडलेले असतात, कुठल्याही पट्टीवरून गा, सगळीकडे सारखंच चालतं. अब्बांच्या पेट्या पहिल्या जातीच्या होत्या. ते आधी विचारायचे, गावात कोण गातं, कोणत्या पट्टीत गातं, आणि पेटी त्याच गळ्यासाठी लावून द्यायचे. मला ते लगेच समजलं, कारण आमच्या घरी नागपूरची फुप्पी, अब्बांची बहीण, आली की आम्हीही रात्री असेच आखडून निजायचो आणि सगळ्यांत जास्त पाय मला आखडावे लागायचे. गाण्यात ते गंधाराच्या वाट्याला येतं. नव्या बाज्यातला गंधार आपल्या जागेवरून बराच वर सरकलेला असतो.

अब्बांच्या पेट्यांचा गंधार मात्र अम्मीचा होता. त्या पंचक्रोशीत पेटी लावण्याची ही रीत आमच्याच घरात होती. अम्मी कुठं शिकलेली नव्हती. उंबऱ्यापलीकडे सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची. अब्बा षड्जाची जीभ वाजती ठेवून हाक मारायचे, "जुबेदा, गंधार दे ना जरा." ती मान वर न करता, खडे वेचता वेचता, नुसता 'आ' लावायची. त्या 'आ'शी पितळेच्या जिभेचा हेलकावा सुरू व्हायचा आणि तो थांबेपर्यंत अब्बा घासायचे. तिचा श्वास संपला की ती "थांबा जी," म्हणून दोन खडे टाकायची आणि पुन्हा लावायची, तिथंच, बोटानं दाखवल्यासारखा. कोणी विचारलंच की दुसऱ्या पेटीवरून गंधार का घेत नाही, तर अब्बा म्हणायचे, "पेटीनं पेटीपासून उसना आनलेला सूर जुना होत जाते. गयातला सूर रोज ताजा निघते." अम्मीला या कौतुकाचं काही नव्हतं. तांदूळ निवडायला कोणी आलं असतं तर तिला जास्त आनंद झाला असता.

मग एका वर्षी पेट्या परत येऊ लागल्या. गंधार पडला म्हणत होते लोक. गाणाऱ्याचा गळा वर राहतो आणि पेटी खाली. अब्बांनी पावसावर ढकललं, लाकडानं ओल धरली म्हणाले, पुन्हा अम्मीला हाक मारली, पुन्हा तिच्या 'आ'शी जीभ जुळवून दिली. त्यातल्या काही पेट्या आणखी एकदा परत आल्या. अब्बांचा पेटीवरचा विश्वास उडाला, भात्यावरचा उडाला, गिऱ्हाइकांच्या कानांवरचा तर कधीच उडाला होता. अम्मीच्या गळ्यावरचा मात्र उडाला नाही. ती पाणी पिताना मान वळवून प्यायला लागली, तेव्हा मावशीनं तिच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि आतली गाठ सापडली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, अम्मी घरी आली, पण आवाज तिथंच राहिला. राहिली ती कुजबूज, कोरड्या पानावरून वारा जावा तशी. डॉक्टर म्हणाले होते, महिन्या-दोन महिन्यांत परत येईल. आम्ही वर्षभर वाट पाहिली.

त्या पेट्यांचं कोडं अब्बांना कधी उलगडलं ते मला माहीत नाही. परत आलेल्या सगळ्या पेट्या त्यांनी एकट्यानं बसून पुन्हा लावल्या, नुसत्या षड्जावर कान ठेवून. गिऱ्हाइकं खूश होती. अम्मीची गाठ मात्र आमच्या पितळेला डॉक्टरच्या आधी कळली होती, आणि अब्बा महिनोन् महिने कानस घेऊन अम्मीच्या आवाजामागे खाली खाली उतरत गेले होते. त्यानंतर अब्बा गंधारावर आले की अम्मी सूप उचलून मागच्या अंगणात जायची. पुढे अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, जीभ दिसेना, आणि कानस माझ्याकडे आली. मी तेव्हा बारावीत होते. अब्बा ऐकायचे, मी घासायची.

लालसूभाऊ आले ते अशाच एका थंडीत, सकाळच्या बसनं. चामोर्शीच्याही पुढे, जंगलातलं त्यांचं गाव. गोंडांची वस्ती, धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं. गावच्या नाटकात पेटी तेच वाजवायचे, त्यांच्या आधी त्यांचा बाप वाजवायचा. दरवेळी येताना काहीतरी घेऊन यायचे. या वेळी त्यांनी अम्मीपुढं वाळवलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, पुरचुंडी ठेवली. अम्मीनं ती हरखून घेतली आणि कुजबुजत सांगितलं की जेवल्याशिवाय जायचं नाही. लालसूभाऊंनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऑपरेशनचं त्यांना कळलंच नव्हतं. मी खुणेनं नंतर सांगते म्हटलं.

घोंगड्यातून त्यांनी पेटी काढली आणि दुसऱ्या पिशवीतून, धोतरात गुंडाळलेला, एक काळा बाजा. बॅटरीवर चालणारा, प्लास्टिकचा, पोरांच्या खेळण्यापेक्षा थोडा मोठा.

"पोट्ट्याईनं चंद्रपूरहून आनला," ते म्हणाले. "ऑर्गन म्हनतात. गान्याले आता हा पायजे म्हनतात. माही पेटी याच्यासंगं बसत नाई. गंधार आला का दोघंबी भांडून राह्यले. पोट्टे म्हनतात, लालसूकाका, जुळवून आना, नाई तं पडद्यामांगं बसा."

ते हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं. नाटकात पेटीवाला पुढच्या बाजूला, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर बसतो. पहिला सूर त्याचा. त्यांच्या बापाचीही जागा तीच होती.

मी दोन्ही बाजे शेजारी ठेवले. षड्ज एक होता, पंचमही जवळपास एक होता. गंधार एकदम लावले आणि एवढा दाट हेलकावा निघाला की खोलीतल्या सुट्या जिभा डबीत थरथरल्या. अब्बांनी हात वर केला. "तो बंद कर," ते म्हणाले. मी ऑर्गन बंद केला. "आता नुसती पेटी."

मी षड्ज आणि गंधार धरला. मागच्या खोलीत वास्ते चिरले जात होते, विळीचा आवाज थांबला.

"ह्या पेटीचा गंधार मले लय आवडते," लालसूभाऊ सांगत होते. "दुसऱ्याचा कसा उभा राहते. हा खाली बसून राहते. आमचे जुने गाने ह्याच्यातच बसतात. म्हून मी त्याच्यानंतर दुरुस्तीले आनलीच नाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या वर्षीच्या सगळ्या पेट्या तक्रार घेऊन परत आल्या होत्या आणि सगळ्यांचे गंधार अब्बांनी घासून टाकले होते; आधीच्या वर्षांच्या पेट्याही तोवर पुन्हा लागून गेल्या होत्या. ही एकच परत आली नव्हती, कारण लालसूभाऊंना तो उतरलेला गंधार आवडला होता. अम्मीच्या गळ्यातून निघालेला आणि अजून पितळेवर शाबूत असलेला सूर जगात एवढाच उरला होता. अब्बांनी पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला.

"लालसूभाऊ, ह्या पेटीले मी हात नाई लावनार," ते म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, गाठीचं, ऑपरेशनचं, परत आलेल्या पेट्यांचं. हे त्यांच्या तोंडून मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

लालसूभाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी पेटीचा भाता हळूच मिटवला. "बाईचा आवाज हाये होय हा," ते म्हणाले. "मंग राहू द्या. मले काय, मी मांगं बसून टाळ वाजवीन. टाळाले गंधार नसते." आणि घोंगडं झटकून पेटी गुंडाळायला लागले. अब्बांना त्यांना थांबवायचं होतं, पण कशासाठी थांबवणार, ते दोघांनाही कळत नव्हतं. मला मनातून एवढंच वाटत होतं की ते लवकर जावेत आणि पेटी जशी आहे तशी जंगलात पोचावी. लालसूभाऊंच्या जागेचा विचार माझ्या मनात आला नाही, हेही खरं.

अम्मी उंबऱ्यात उभी होती. तिनं पदराला हात पुसले आणि येऊन मेजापाशी बसली. तिची कुजबूज ऐकायला आम्ही तिघंही पुढे झुकलो.

"तो माहा आवाज नाई," ती म्हणाली. "तो माह्या बिमारीचा आवाज हाये. मले समजत होतं का मी खाली येऊन राह्यली. रोज वर जायले पाहत होती. जमतच नव्हतं. तुम्ही खालीच घासत गेले." शेवटचं वाक्य तिनं अब्बांकडे बघून म्हटलं, रागानं नाही, तक्रारीनंही नाही, भाजीत मीठ जास्त पडलं होतं हे सांगावं तसं. "साऱ्या पेट्या नीट केल्या, हेच एक राहून गेली. नसीम, चढव त्याले."

मी सुरांची फळी काढून मेजावर बसवली. मधल्या सप्तकातला गंधार. जिभेखाली पत्रा सरकवला. अम्मीनं स्वतः भात्यावर पाय ठेवला. मी टोकावर कानस फिरवली, एकदा, हलकेच, आणि फुंकर मारून पितळेचा कीस उडवला. भाता दाबला गेला. सूर किंचित उठला. पुन्हा कानस, पुन्हा फुंकर, पुन्हा सूर. दुपारचं ऊन कौलाच्या फटीतून मेजावर आलं होतं आणि कीस त्यात सोन्यासारखा उडत होता. हे आम्ही तासभर केलं की चार कानशींत झालं, मला आज सांगता यायचं नाही. सूर तळ्यातून वर येणाऱ्या माणसासारखा हळूहळू वर येत होता.

मग अम्मीनं हात वर केला.

"थांब."

मी थांबले. तिचा पाय मात्र थांबला नाही. षड्ज वाजत होता आणि त्याच्यावर गंधार, आणि दोघांमध्ये काही हलत नव्हतं. मला तो सूर ओळखायला क्षणभर लागला, कारण तो मी वर्षानुवर्षं झोपेतच ऐकला होता. तांदूळ निवडतानाचा, गाठीच्या आधीचा, रोज ताजा निघणारा. आजारातल्या गंधारापासून ऑर्गनच्या गंधारापर्यंत जाणारी वाट त्याच्या दारावरूनच जात होती आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. अम्मीनं तोंड उघडलं. तिचे ओठ त्या 'आ'च्या आकाराचे झाले, गळ्याची शीर ताणली गेली. गळ्यातून वारादेखील निघाला नाही. सूर पितळेतून येत होता आणि तोंड तिचं उघडं होतं. लालसूभाऊंनी डोक्यावरचा शेला काढून मांडीवर घेतला. अब्बांना दिसत नव्हतं, पण त्यांनी तोंड बरोबर तिच्याकडे वळवलं होतं आणि ते रडत होते.

मला वाटलं, झालं. आता इथंच ठेवायचं. लालसूभाऊही तेच म्हणाले, "बाई, इथीच राहू द्या."

अम्मीनं तोंड मिटलं. भात्यावरचा पाय काढला. सूर उतरत उतरत विझला.

"आता पुढं घे," ती मला म्हणाली.

"अम्मी, नको ना."

"पुढं घे, नसीम. इथी ठेवला तरी त्या ऑर्गनसंगं नाई बसत. लालसूभाऊले समोर बसाचं हाये." आणि मग, मी हललेच नाही तेव्हा, "चार वाजताची बस हाये त्यायची. भाजी बी चुलीवर हाये."

मी पुढे घासलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे कीस दिसत नव्हता, अब्बांसारखीच मीही नुसत्या कानावर गेले. ऑर्गनचा गंधार वाजता ठेवला, हेलकावा लांबत गेला आणि थांबला. मग वरचा गंधार, मग खालचा. जेवायला बसण्याआधी अम्मीनं नेहमीप्रमाणे पेटीवर ओढणी टाकली. वास्त्यांची भाजी चण्याच्या डाळीत होती, लालसूभाऊंनी दोनदा मागून घेतली. जाताना ते अम्मीच्या पाया पडायला लागले, तर तिनं पाय मागे घेतले आणि पुढच्या खेपेला जवस आणा म्हणाली. त्या हंगामात ते पुढेच बसले, आणि त्यानंतरचे अनेक हंगाम.

अम्मीला जाऊन आता बरीच वर्षं झाली, अब्बांनाही. पेट्यांचं काम मी अजून करते. समोर फोन ठेवलेला असतो, त्यात एक काटा असतो, सूर लागला की काटा मधोमध उभा राहतो आणि हिरवा होतो. गिऱ्हाइकांना आता सगळं ऑर्गनशी जुळणारंच हवं असतं आणि मी तसंच लावून देते. जुन्या पेटीचा गंधार चढवायचा असला की मात्र मी काटा हिरवा होण्याच्या आधी एका ठिकाणी थांबते. कानस खाली ठेवते, षड्जाबरोबर तो सूर धरते आणि भाता पुरेल तोवर ऐकते. समोरचा माणूस म्हणतो, "बाई, अजून थोडा वर पायजे ना?" मी म्हणते हो, आणि पुढे घेते.